माळशिरसची पाच अक्षरे

माळशिरस हे नाव इंग्रजीत लिहायचे तर आज नऊ लेटर लागतात: एम, ए, एल, एस, एच, आय, आर, ए, एस. ही नऊ लेटर सुटी करून मांडली आणि त्यांतून इंग्रजी शब्द शोधायला घेतले, तर हाताला बरेच काही लागते. टपालाचा ‘मेल’ सापडतो, रुळाचा ‘रेल’ सापडतो, केसांचा ‘हेअर’, गजराचा ‘अलार्म’, टोपणनावाचा ‘एलियस’. आपल्याकडून इंग्रजीत गेलेला ‘आश्रम’ही त्यात आहे. सर्वांत मोठा शब्द आठ लेटरांचा आहे, ‘मार्शल्स’. नऊपैकी फक्त आय उरतो, बाकी सगळी लेटर त्यात खपतात. अशी शब्दशोधणी हा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा जुना उद्योग आहे. दिलेल्या लेटरांतून किती शब्द निघतात ते पाहा, अमुक तीन लेटर ज्यांत आहेत असे शब्द सांगा, हे प्रश्न वहीत असतात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असतात, आता मोबाइलवरही असतात. हा खेळ मराठीत तितका रुजला नाही, म्हणून मराठीला शब्दखेळांची परंपरा नाही असे पुष्कळांना वाटते. मला हे मत चुकीचे वाटते. ठरावीक अक्षरे घेऊन शब्द शोधण्याची, शब्द लपवण्याची आणि लपलेले उकलण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि माळशिरसच्या आसपासच्या पन्नास-साठ मैलांत तिचे ठळक पुरावे आहेत. फरक आहे तो एककाचा. इंग्रजी खेळ लेटरवर चालतो, मराठी रीत अक्षरावर चालत आली. या एका फरकातून दोन्हींचा सगळा इतिहास वेगळा झाला.

आधी त्या नऊ लेटरांचेच पाहू. सोलापूर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८४ साली छापले गेले. त्यात या गावाच्या नावात एच नाही, ‘माल्सिरस’ असे वाचावे असे ते स्पेलिंग आहे. म्हणजे तेव्हाच्या नावात आठच लेटर होती. त्या आठांतून मेल, रेल, अलार्म, एलियस हे शब्द निघतात, पण मार्शल्स निघत नाही, आश्रम निघत नाही, हेअरही निघत नाही. गावाचे नाव गावकऱ्यांच्या तोंडी जसे होते तसेच राहिले, लिहिणाऱ्याची सवय बदलली आणि मार्शल्स त्यात शिरले. जिल्ह्याच्या नावाचे नेमके उलटे झाले. ब्रिटिश काळच्या कागदांत आणि स्टेशनच्या पाटीवर सोलापूरच्या नावात एच होता, ‘शोलापूर’ असे ते वाचले जाई, पुढे तो एच गेला. तालुक्याने एच कमावला आणि जिल्ह्याने गमावला. यावरून एवढे दिसते की मराठी नाव रोमन लिपीत घातले की त्याची लेटर नावाची स्वतःची राहत नाहीत, ती लेखनाच्या संकेताची असतात. ‘ळ’साठी एल लिहायचा, ‘ल’साठीही एलच. ‘श’साठी एस आणि एच, ‘ष’साठीही तेच. ज्या वर्णांवर शब्दशोध उभा राहायचा, तेच वर्ण असे पातळ झालेले असतात.

आता मराठीकडे वळू. मा, ळ, शि, र, स ही पाच अक्षरे आहेत. ती जशीच्या तशी ठेवून, काना-वेलांटी न हलवता शब्द शोधले तर माळ, शिर, रस, सर, मार, मास, रमा, सरळ असे काही हाती येतात आणि मग हात थांबतो. माळ आणि शिर हे दोन शब्द ओळीनेच दिसतात. माळाचे शिर म्हणजे माळशिरस, अशी व्युत्पत्ती कोणाला लगेच सुचेल, पण अक्षरे जुळली म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. शब्द कमी का निघाले? कारण अक्षर आपला स्वर बरोबर घेऊन फिरते. ‘शि’ कुठेही ठेवा, तो ‘शि’च राहतो. इंग्रजीतला ए ‘मेल’मध्ये एक बोलतो, ‘अलार्म’मध्ये दुसरे, ‘हेअर’मध्ये तिसरे. त्याला स्वतःचा ठाम उच्चार नाही, म्हणून तो कुठेही बसतो. इंग्रजी शब्दशोधात शब्दांचा जो सुकाळ दिसतो, त्याचे मूळ लेटरच्या या मोकळेपणात आहे, भाषेच्या श्रीमंतीत नाही. साधा हिशेब केला तरी हे पटते. इंग्रजी लेटर २६. मराठीत ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी घेतली तर ४०८ अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे अजून मोजलेलीच नाहीत. अमेरिकेत अल्फ्रेड बट्स या गृहस्थाने १९३०च्या दशकात शब्द जुळवण्याचा जो खेळ तयार केला आणि जो पुढे स्क्रॅबल नावाने जगभर गेला, त्यात शंभर सोंगट्या पुरतात, त्यांतल्या बारा तर एकट्या ईच्या. मराठी अक्षरांच्या शंभर सोंगट्या केल्या तर निम्मी बाराखडीसुद्धा पेटीत मावत नाही.

मग मराठी माणूस अक्षरांतून शब्द शोधत होता तो कुठे? पहिले उत्तर माळशिरस तालुक्यातच, वेळापूरला मिळते. तिथल्या अर्धनारीनटेश्वराच्या मंदिराशी यादव राजा रामचंद्राच्या काळचे मराठी शिलालेख आहेत, त्यांतला एक शके १२२२ चा, म्हणजे इसवी सन १३०० चा. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ सालच्या ग्रंथामुळे असे लेख अभ्यासकांच्या हाती एकत्र आले. जुना शिलालेख वाचणे म्हणजे काय, हे ज्याने ठसा डोळ्यांसमोर धरला आहे त्याला सांगायला नको. दगडावर अक्षरांची सलग रांग असते, आजच्यासारखी दोन शब्दांत मोकळी जागा नसते. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे वाचणाऱ्याने ठरवायचे. मधले एखादे अक्षर झिजलेले असते, तेव्हा अलीकडची आणि पलीकडची अक्षरे धरून मधल्या जागी बसेल असा शब्द शोधायचा. दिलेल्या अक्षरांचा शब्द शोधण्याचे काम याहून कठोर रूपात कुठे मिळणार? इथे चूक झाली तर दान दिलेल्या जमिनीचे माप बदलते, देणाऱ्याचे नाव बदलते. हीच सवय मोडीने पुढे सहा-सातशे वर्षे टिकवली. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ मारून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे ओवत जाई. शब्द तुटत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळला जात नसे. कुलकर्ण्याचे दप्तर वाचायचे तर अक्षरांच्या प्रवाहातून शब्द वेगळे काढण्याचे कसब लागेच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी साक्षरतेचा हा रोजचा भाग होता. त्याला कोणी खेळ म्हटले नाही, म्हणून त्याची मोजदाद झाली नाही.

यापुढची पायरी म्हणजे मुद्दाम लपवणे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत आणि तिच्यासारख्या इतर लिप्यांत बांधून ठेवले. ठरलेल्या संकेताने अक्षराच्या जागी दुसरी खूण घातली की बाहेरच्याला अर्थ लागत नसे. सकळ लिपीची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी उलगडली, तोवर मराठी गद्याचा हा मोठा ठेवा पंथाबाहेरच्यांना बंदच होता. पण माझ्या मुद्द्याला याहून उपयोगी दाखला करपल्लवीचा आहे. हाताच्या खुणांनी शब्द सांगण्याची ही विद्या भारतभर होती, मराठीतही हा शब्द आणि ही रीत दोन्ही चालत आली. तिच्यात प्रत्येक वर्गाला एक खूण असते: स्वरांना सापाचा फणा, क-वर्गाला कमळ, च-वर्गाला चक्र, प-वर्गाला पालवी, आणि याप्रमाणे पुढे. खूण झाली की बोटे दाखवायची, वर्गातले कितवे अक्षर ते कळते. मग चुटक्या वाजवायच्या, त्यावरून बाराखडीतले कितवे रूप ते कळते. माळशिरसमधला ‘मा’ सांगायचा तर पालवी, पाच बोटे, दोन चुटक्या. ‘शि’ सांगायचा तर शेवटच्या गटाची खूण, एक बोट, तीन चुटक्या. या रचनेकडे नीट पाहिले की ती किती विचारपूर्वक केली आहे हे जाणवते. वर्णमालाच मुळी तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे, कंठापासून ओठांपर्यंत. करपल्लवी त्या नकाशावरून अक्षराचा पत्ता सांगते. इंग्रजी एबीसीडीचा क्रम कशावरूनच ठरलेला नाही, तो पाठ करायचा असतो. त्यामुळे तिथे असा पत्ता तयार होऊच शकत नाही.

लपवलेल्या अक्षरांची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट समर्थ रामदासांच्या नावावर आहे. अफझलखान १६५९ साली विजापूरहून निघाला, तुळजापूर आणि पंढरपूर करत वाईकडे सरकला. पंढरपूर आणि वाई यांच्यामधला हा टापू माळशिरसला परका नाही. त्या वेळी समर्थांनी शिवाजी महाराजांना एक उपदेशपर पद्य पाठवले, आणि त्यातल्या चरणांची पहिली अक्षरे ओळीने वाचली की विजापूरचा सरदार निघाल्याची खबर मिळते, असे सांगितले जाते. या पत्राच्या अस्सलपणाविषयी इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. समर्थ आणि महाराज यांच्या भेटीचा काळच वादात आहे, मग हे पत्र कसे टिकणार, असा आक्षेप रास्त आहे. माझा मुद्दा मात्र त्याच्या अस्सलपणावर उभा नाही. पत्र त्या वर्षीचे असो की नंतर कोणी रचलेले असो, रचणाऱ्याने युक्ती कोणती वापरली हे तर समोर आहे. त्याने शब्द अक्षरांत पाडला, प्रत्येक अक्षर काना-मात्रेसह एकेका चरणाच्या तोंडाशी बसवले. ‘दा’ हवा तिथे ‘दा’च आहे, नुसता द नव्हे. म्हणून वाचणाऱ्याला एकच वाक्य मिळते, दुसरे मिळूच शकत नाही.

याच्या शेजारी युरोपातली एक सत्य घटना ठेवावीशी वाटते. गॅलिलिओने १६१० साली शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे असे दुर्बिणीतून पाहिले आणि हा शोध आपला आहे याची नोंद राहावी म्हणून ती बातमी लॅटिन वाक्यात लिहून त्या वाक्याची ३७ लेटर उलटसुलट करून पाठवली. केप्लरने ती जुळवून पाहिली आणि वाक्य लावले, पण ते निघाले मंगळाला दोन चंद्र असल्याचे. तेवढ्याच लेटरांतून दुसराच अर्थ तयार झाला होता. मंगळाचे दोन चंद्र खरोखर दिसले ते १८७७ साली, तो निव्वळ योगायोग. लेटर इतकी मोकळी असली की गुपित सुरक्षित राहते हे खरे, पण निरोप पोहोचेलच असे नाही. अक्षरांत बांधलेला निरोप लपतो कमी आणि पोहोचतो नक्की. युद्धाच्या धामधुमीत कोणता बरा, याचे उत्तर अवघड नाही.

आता बारामतीकडे येऊ. बारामती कऱ्हेच्या काठी, कऱ्हा नीरेला मिळते, आणि नीरा माळशिरस तालुक्याच्या उत्तरेच्या शिवेवरून भीमेकडे जाते. एकाच पाण्याचा हा मुलूख. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि १७९४ साली तिथेच वारले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली अशी परंपरा आहे, आणि त्यांतल्या कितीतरी रामायणांचे नियम अक्षरांचेच आहेत. मंत्ररामायणात रामनामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे गुंफली आहेत. परंतु-रामायणात प, रं आणि तु ही तीन अक्षरे. निरोष्ठ रामायणात तर ओठांनी उच्चारायची अक्षरेच वर्ज्य. या शेवटच्या नियमाचा भार किती मोठा आहे ते पाहा: राम हे नावच ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाही. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि राम म्हणायचे नाही. अमुक अक्षरे असलेला शब्द शोधा, किंवा अमुक अक्षरे नसलेला शब्द शोधा, हा आजच्या मुलांना दिला जाणारा प्रश्न मोरोपंतांनी आर्येमागून आर्येत, वृत्ताच्या मात्रा सांभाळून, कथेचा धागा न सोडता सोडवला आहे. कोणत्याही शब्दकोशाच्या मदतीशिवाय, कारण मराठीचा छापील शब्दकोश तेव्हा जन्मायचा होता. शब्द शोधण्यासाठी त्यांच्याजवळ होती ती पाठांतराची शिदोरी, संस्कृतातले पर्यायशब्द आणि कीर्तन-पुराणाने घडलेला कान.

यावर आक्षेप येतो तो जुनाच आहे: ही शब्दांची कसरत आहे, हिच्यात काव्य नाही. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांची बाजू हिरिरीने मांडली, पण पुढच्या टीकाकारांनी हा आक्षेप सोडला नाही. मला तो अर्धाच मान्य आहे. या रामायणांतल्या पुष्कळ आर्या रसाच्या दृष्टीने कोरड्या आहेत आणि त्या केवळ अभ्यासक वाचतात, हे खरे. पण आपला प्रश्न काव्याचा नसून भाषेच्या एका रीतीचा आहे, आणि त्या दृष्टीने निरोष्ठ रामायण अमोल आहे. कारण त्यातला नियम डोळ्यांसाठी नाही, तोंडासाठी आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे दिसायला एकसारखी नाहीत, त्यांना एकत्र आणते ती ओठांची जागा. इंग्रजीतही अमुक लेटर टाळून लिहिण्याचा हव्यास पुष्कळांनी केला आहे. अमेरिकेतल्या अर्नेस्ट राइट यांनी १९३९ साली ई हे लेटर न वापरता अख्खी कादंबरी छापली. पण तिथे टाळले ते छापलेले चिन्ह. ई कधी मुका असतो, कधी इ होतो, कधी ए. मोरोपंतांनी टाळला तो उच्चार. एक परंपरा कागदाकडे पाहते, दुसरी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे.

छापखाना आला तेव्हा या दोन परंपरांची गाठ पडली. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८१० साली मराठी शब्दकोश छापला तो मोडी खिळ्यांनी. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली, सुमारे साठ हजार शब्दांची. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मराठी कोशात ऐकलेला शब्द शोधायचा तर कान पुरतो. ‘खिळा’ ऐकला की ख-खा-खिच्या वाटेने थेट तिथे जाता येते, फार तर ऱ्हस्व-दीर्घाची अडचण येते. इंग्रजी कोशात ऐकलेला शब्द शोधायचा तर आधी त्याची लेटर ठाऊक पाहिजेत. ‘नाइफ’ शोधायचा तर के उघडायचा, ‘फिलॉसफी’ शोधायची तर पी. शब्द सापडण्याआधीच त्याचे स्पेलिंग येत असले पाहिजे, ही विचित्र अट मराठी विद्यार्थ्याला एकोणिसाव्या शतकात पहिल्यांदा भेटली. म्हणून शाळेत स्पेलिंगची घोकंपट्टी आली आणि तिच्याबरोबर लेटर जुळवण्याचे खेळ आले. ते खेळ इंग्रजी लेखनाच्या अडचणीवरचा उपाय होते. ज्या भाषेत ती अडचणच नाही, तिच्यात ते खेळ नाहीत म्हणून तिला उणे ठरवणे योग्य नव्हे.

खेळ पुढे धंदा झाला. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पहिले शब्दकोडे छापले, आणि काही दशकांत बक्षिसांची कोडी मुंबई इलाख्यातही घरोघर पोहोचली. फी भरायची, चौकोन भरून पाठवायचे, हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहायची. मुंबई सरकारने अशा स्पर्धांवर १९४८ साली नियंत्रण आणि कर आणला. केंद्राचा कायदा १९५५ चा, त्याने महिन्याला हजार रुपयांहून मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धांना बंदी घातली. बंगळूरहून साप्ताहिकातून कोडी चालवणाऱ्या चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ साली निकाल लागला: जुगारासारख्या स्पर्धा हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. न्यायालयाला कोड्यात शब्दांचे ज्ञान दिसले नाही, दिसले ते नशीब. चौकोनात दोन-तीन शब्द सारखेच बसत असले आणि ‘बरोबर’ कोणता हे आयोजकाने आधीच लिफाफ्यात बंद करून ठेवलेले असले, की ज्ञान चालेनासे होते. एक लेटर बदलले की दुसरा शब्द तयार होतो, हा जो इंग्रजीचा गुण, तोच इथे फसवणुकीचे साधन झाला.

मराठीत शब्दकोडे आले तेव्हा रचणाऱ्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि त्याची कोणी फारशी दखल घेतलेली नाही. त्यांनी एका चौकोनात एक अक्षर बसवले, मात्रा आणि जोडाक्षरासह. स्वर-व्यंजने सुटी करून इंग्रजीची नक्कल केली नाही. परिणाम असा की मराठी कोड्यात आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे व्यंजनही जुळावे लागते आणि स्वरही. चारशेहून अधिक अक्षरांत अशी जुळणी अवघड, म्हणून मराठी कोड्यात काळे चौकोन जास्त दिसतात आणि शब्द लहान असतात. याला काही जण मराठीची मर्यादा म्हणतात. पण त्याच कारणाने एक अक्षर मिळाले की मराठीत अर्धा शब्द उघडतो, इंग्रजीत एका लेटरने तितके हाती लागत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. अक्षर हेच मराठीचे एकक, असे म्हणताना मराठी पोरांची च-ची भाषा विसरून चालणार नाही. तिच्यात शब्दाच्या पहिल्या अक्षरातले व्यंजन काढून तिथे च बसवायचा, मात्रा तशीच ठेवायची आणि काढलेले व्यंजन शेवटी जोडायचे. ‘कुठे’चे ‘चुठेक’ होते, माळशिरसचे ‘चाळशिरसम’. शाळेत न गेलेले मूलही हे भराभर बोलते. म्हणजे अक्षर फोडून मात्रा वेगळी करणे मराठी मनाला मुळीच जड नाही, आणि करपल्लवीतल्या चुटक्याही तेच सांगतात. हा आक्षेप मी मान्य करतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे सुधारून मांडावे लागते: मराठी शब्दखेळ अक्षर फोडतो तो कानाने, बोलण्याच्या ओघात, आणि फोडलेले लगेच दुसऱ्या अक्षरात बांधून टाकतो. सुटी मात्रा तो कधीच हवेत ठेवत नाही. भेंड्यांतही हेच आहे. शेवटच्या अक्षराने पुढचे गाणे सुरू करायचे, आणि ‘ळ’ आला तर ‘ल’ चालवून घ्यायचा, कारण ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ज्ञानेश्वरांची पालखी दरवर्षी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते आणि तुकोबांची अकलूजवरून. ज्या मुलखातून मुखोद्गत वाङ्मयाचे हे दोन प्रवाह शतकानुशतके वाहत आहेत, तिथे शब्दाचा शोध कानाने झाला यात आश्चर्य काय?

आणि तरीही काळ थांबलेला नाही. आज मराठी मजकूर संगणकात जातो तेव्हा यंत्र अक्षर साठवत नाही, त्याचे घटक साठवते. ‘शि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण यंत्राच्या नोंदीत आधी श येतो आणि मग वेलांटी. यंत्राच्या हिशेबी माळशिरस हे पाच अक्षरांचे नाव नाही आणि नऊ लेटरांचेही नाही. ते सात चिन्हांचे आहे: म, काना, ळ, श, वेलांटी, र, स. या सातांना इंग्रजी लेटरांसारखे सुटे करून शोध घेतला तर जे शब्द पाच अक्षरांत सापडत नव्हते ते वर येतात. काना म वरून उचलून र ला दिला की राम सापडतो. वेलांटी म ला लावली की मिसळ होते. वेळापूरच्या लेखाची शिळा निघते. आणि वेलांटी म ला, काना र ला दिला की निघते मिरास. मिरास म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जमिनीचा हक्क, मोडी कागदांत पानोपानी येणारा, भांडणांना आणि निवाड्यांना कारण झालेला शब्द. गावाच्या नावाशी त्याचे व्युत्पत्तीचे नाते नाही. पण त्या कागदांत हा शब्द ज्यांनी सलग रेघेखालच्या अक्षरांतून वेगळा काढून वाचला, त्यांना तो डोळ्यांआधी कानाने ओळखता येत होता.